न्गोमेनी, रात्रपाळी

उपग्रहाला कळलं तेव्हा
खाली कुणाला काहीच कळलं नाही.
तो अटलांटिकच्या काळ्या पाण्यावर होता,
आफ्रिकेचा किनारा अजून पुढे,
आणि त्याच्या धातूच्या अंगावर
एरवीचीच भुरभुर पडत होती:
सेकंदाला तीनशे, तीनशे दहा, दोनशे नव्वद,
कुठून कुठून आलेले सुटे कण,
ज्यांचं कुणी काही मनावर घेत नाही.

मग नऊ हजार.

मध्ये पायरी नव्हती. चाहूल नव्हती.
एक दम खाल्ल्यासारखा खड्डा,
आणि लगेच एकवीस हजार,
मग उतरण, लांब, करवतीच्या दात्यांची.
सदतीस सेकंद.
ओल्या पेटीतली तिसरी काडी पेटेपर्यंत
एवढाच वेळ जातो.

त्याने कुणाची परवानगी घेतली नाही.
पोटातली चाकं फिरली, मान वळली.
वळेपर्यंत होऊन गेलं होतं.
मागे उरलेला मंद उजेड बघायला
पुष्कळ जण आहेत: चिलीत, कॅनरी बेटांवर
दुर्बिणींचे घुमट कुरकुरत उघडतात,
आठवडाभर बघा, महिनाभर बघा.
पहिली उसळी मात्र
त्या क्षणी जो जागा होता, त्याचीच.

अठरा मिनिटांनी तो केनियाच्या किनाऱ्यावर आला.

न्येवू चारोने थाळी पश्चिमेकडे लावून ठेवली होती.
आल्याचा चहा. मॉनिटरवर पाल.
डिझेलच्या जनित्राची घरघर,
आणि खाडीत, खांबांवर, गंजत उभं
जुन्या रॉकेटांचं मचाण.
तिच्या पडद्यावर फक्त हिरवी पट्टी सरकली,
अकरा मिनिटं, न तुटता.
आत काय होतं ते तिला दिसत नाही.
पोस्टमन पत्र वाचत नाही, तसं.

मग इटलीहून ओर्नेलाचा निरोप:
आलं! दोन शिखरं! तुझ्या हातावरून गेलं, न्येवू!
न्येवूने हाताकडे पाहिलं. चहा सांडला होता.

हे निघालं तेव्हा, ओर्नेला पुढे लिहिते,
पृथ्वी नव्हती.
म्हणजे तेव्हा इथे कुणी नव्हतं,
'इथे'सुद्धा नव्हतं.
न्येवूची आई मालिंदीच्या बाजारात
भाजलेले काजू पाच-पाचने मोजते,
आणि गिऱ्हाईक बोललं तरी आकडा चुकत नाही.
न्येवूला वाटलं, आईला विचारावं,
एकवीस हजार म्हणजे किती टोपल्या.

सहा वर्षांपूर्वी मोंबासाच्या बंदरातून
काहिंदीचा फोन आला होता.
तो 'न्येवू' म्हणाला
आणि थांबला.
पुढचं सगळं नंतर आलं:
क्रेनची साखळी, तिचा कारखाना, चौकशी,
भरपाईचे कागद, चेंगोचे बूट एका पिशवीत.
दोन वर्षं येत राहिलं, हळूहळू विझत.
त्यातलं तिला आता धड आठवत नाही.
ते 'न्येवू' आठवतं,
आणि नंतरची, श्वासाएवढी, खाच.

बाहेर मासेमार बत्त्या लावून बसलेत,
बारीक मासळी उजेडाला येते म्हणून.
मघाशी हे सगळं त्यांच्याही डोक्यावर आलं होतं.
हवेने वरच्या वर झेललं.
एकाचंही जाळं हललं नाही,
एकानेही वर पाहिलं नाही,
कुणी तरी कुणाला तंबाखू मागितली असेल.

तिने नोंदवही ओढली.
वेळ: तीन सतरा. संपर्क: अखंड.
शेऱ्याच्या रकान्यात पेन जरा अडखळलं.
काय लिहिणार? तिने पाहिलेलं नव्हतं,
आणि दुसऱ्याच्या शब्दावर शेरा लिहीत नाहीत.

वारा दक्षिणेचा. चहा सांडला, कीबोर्ड ठीक.

मग थाळी पुन्हा पश्चिमेला वळवली.
पुढची फेरी चार बावन्नला.